ऑफिसातल्या वाचनखुणा: एकाने लावायच्या, दुसऱ्याला सापडायच्या कशा?

ओळंबा (सोमवार, रात्री १०.४०)

मंडळी, विषय जरा रटाळ आहे, पण इथल्या निम्म्या लोकांच्या ऑफिसात हीच बोंब असणार म्हणून धागा काढतेय.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर, पुण्यात एका कन्सल्टंटकडे. आम्ही बत्तीस माणसं. बिल्डिंग सळई-सिमेंटवर उभी राहते, पण आमचा दिवस जातो कागद शोधण्यात. आयएस कोड (बांधकामाची भारतीय मानकं) आणि त्यांच्या अमेंडमेंट (४५६, ८७५, १८९३, १३९२०...), २०२० च्या डिसेंबरात आलेली यूडीसीपीआर (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) आणि तिच्यावर मागाहून आलेले खुलासे, महापालिकेची परिपत्रकं, शिवाय अँकर बोल्टपासून वॉटरप्रूफिंगपर्यंत कंपन्यांचे कॅटलॉग. सगळं नेटवर कुठे ना कुठे आहे. प्रत्येक जण ते स्वतः हुडकतो, स्वतःच्या ब्राउझरमध्ये बुकमार्क करतो, आणि त्याने नोकरी सोडली की आयटीवाला लॅपटॉप फॉरमॅट करतो. पुढचा येतो तो पुन्हा पहिल्यापासून हुडकतो.

गेल्या दिवाळीनंतर मी पुढाकार घेतला (तिथेच चुकलं). लिंकडिंग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते ऑफिसातल्या एका जुन्या पीसीवर चढवलं. सगळ्यांना लॉगिन दिलं. ब्राउझरमध्ये एक बटण येतं. पान उघडलं की ते दाबायचं, दोन-चार टॅग लिहायचे, शेअरवर टिक करायची. झालं, ती खूण सगळ्यांना दिसते. पहिला महिना काय उत्साह! चहाच्या वेळी कोणी किती लिंका टाकल्या त्याच्या गप्पा.

परवा टॅगची यादी उघडून बसले. भूकंप या एका विषयाला सापडलेले टॅग: भूकंप, सिस्मिक, सेस्मिक, अर्थक्वेक, ईक्यू, १८९३, आयएस१८९३, आयएस-१८९३, कोड (फक्त 'कोड'!), आणि एक 'हादरा'. हादरावाला पोरगा किल्लारीकडचा आहे, त्याच्या घरी त्र्याण्णव सालापासून तोच शब्द चालतो, त्यामुळे त्याला हसायची माझी हिंमत नाही. एका ड्राफ्ट्समनने प्रत्येक लिंकेला 'महत्त्वाचे' असा एकच टॅग दिलाय. एकाने 'नंतर-बघू'. अर्धे टॅग आयुष्यात एकदाच वापरलेले.

तर प्रश्न असा, की टॅगची यादी वरून ठरवून द्यावी का लोकांना मोकळं सोडावं? आणि टॅग लावायला लोकांच्या मागे लागायचं कसं? तुमच्याकडे कुठे हे नीट चाललंय का?

---

मधला_डबा

आमच्याकडे सोपं आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं. हवं तेव्हा वर सरकवत जायचं. सापडलं नाही की 'कोणाकडे ती पीडीएफ आहे का' असं विचारायचं, पाच मिनिटांत कोणीतरी परत टाकतं. तीच पीडीएफ ग्रुपवर आत्तापर्यंत चौदा वेळा आलीय.

---

खारुताई_कोथरूड

वाखूसा, म्हणजे वाचनखूण साठवली. (विषयच असा आहे की दुसरं काय म्हणणार!)

---

हडसनकाठ

ओळंबा, तुमचा प्रश्न वीस वर्षं जुना आहे. मी तेव्हा न्यू जर्सीत नुकता कामाला लागलो होतो आणि डिलिशस या बुकमार्कांच्या साइटचा भक्त होतो. जोशुआ शाक्टर नावाच्या माणसाने २००३ मध्ये स्वतःच्या लिंका ठेवायला म्हणून ते सुरू केलं. त्याच्याआधी बुकमार्क म्हणजे फोल्डर: एक लिंक एकाच फोल्डरात. त्याने फोल्डर काढून टाकले आणि शब्द ठेवले, हवे तितके. शिवाय तोच शब्द वापरून दुसऱ्यांनी काय साठवलंय तेही दिसायचं. लोकांनी आपापल्या सोयीने लावलेल्या शब्दांतून आपोआप जे वर्गीकरण उभं राहतं त्याला थॉमस व्हँडर वॉलने २००४ मध्ये फोकसॉनॉमी असं नाव दिलं. मी त्याला 'लोकवर्गीकरण' म्हणतो. कोणाला बरा शब्द सुचला तर सांगा.

ऑफिसात हे चाललं का, तर चाललं. आयबीएमच्या संशोधन विभागाने कंपनीच्या आत वापरायला डॉगइअर नावाची प्रणाली केली. पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडतात, तो कुत्र्याच्या कानासारखा दिसतो म्हणून ते नाव. २००६ मध्ये त्यावर त्यांचा पेपर आला. मिलेन, फाइनबर्ग आणि कर हे लेखक. तो मी तेव्हा छापून घेतला होता. त्यात दोन गोष्टी डिलिशसपेक्षा वेगळ्या होत्या. एक, कंपनीच्या भिंतीआडची पानंसुद्धा खूण करून ठेवता यायची. दुसरी जास्त मोठी: तिथे टोपणनाव नव्हतं. प्रत्येक खुणेला माणसाचं खरं नाव, कंपनीच्या डिरेक्टरीतलं. त्यामुळे लोक लिंक शोधायला यायचे आणि माणूस शोधून जायचे. अमुक विषयावर सतत कोण खुणा करतोय ते दिसलं की थेट त्यालाच फोन. पुढे २००७ मध्ये लोटस कनेक्शन्स म्हणून जे विकायला आलं त्यात हीच गोष्ट बसवली.

अवांतर: त्यातल्या फाइनबर्गने टॅगांचा जो ढग काढला होता, त्यातूनच पुढे वर्डल झालं. शाळेच्या प्रदर्शनात छोटे-मोठे शब्द दाटीवाटीने बसवलेलं चित्र असतं ना, ते!

तुमच्या यादीत मला काही वाईट दिसत नाही. 'नंतर-बघू' टॅग डिलिशसवरही भरपूर होता. लोक आधी स्वतःसाठी खूण करतात. दुसऱ्याच्या उपयोगासाठी कोणी टॅग लावत नाही, नियम केला तरी.

---

ओळंबा

@मधला_डबा, चौदा वेळा!! आमच्याकडेही तेच होतं, म्हणून तर हा खटाटोप.

@हडसनकाठ, माणूस शोधण्याचं पटलं. पण आमच्या बत्तीस जणांत कोणाला काय येतं ते चहाच्या टेबलावरच कळतं. लाख लोकांच्या कंपनीत त्याची किंमत. आम्हाला कागदच हवाय.

---

निवृत्त_ग्रंथपाल

चाळीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, त्यामुळे राहवत नाही.

मुली, तुझ्या दहा शब्दांत नवल काही नाही. अमेरिकेतल्या बेलकोर या टेलिफोन कंपन्यांच्या संशोधन संस्थेतल्या फर्नास आणि मंडळींनी १९८७ साली हे मोजलं होतं: एकाच गोष्टीला दोन माणसांनी आपणहून एकच शब्द देण्याची शक्यता वीस टक्क्यांहूनही कमी निघाली. आणि ती एकभाषी माणसं. तुमच्याकडे मराठी, इंग्रजी, कोडचा नंबर आणि बोलीतला हादरा, सगळंच आलं.

यावर आमच्या धंद्यातलं उत्तर फार जुनं आहे. कॅटलॉगच्या ड्रॉवरमध्ये पुस्तकाच्या कार्डांशिवाय आणखी कार्डं असायची. त्यांच्यावर पुस्तकच नसायचं, एवढंच लिहिलेलं असायचं: 'कर्करोग. पहा: कॅन्सर.' आणि 'हेही पहा' अशी वेगळी. म्हणजे वाचक कुठल्याही शब्दाने आला तरी त्याला हाकलायचं नाही, हाताला धरून योग्य ड्रॉवरपाशी न्यायचं. लोकांना एकच शब्द वापरायला लावू नकोस, ते ऐकणार नाहीत. त्यांना हवा तो शब्द लिहू दे, मागे बसून तू 'पहा' कार्डं घाल.

दुसरं. एका पुस्तकाला एकच जागा, हा ताप आम्हालाही होता. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात (१८७६) 'महाराष्ट्रातल्या भूकंपात पडलेल्या दगडी घरांची दुरुस्ती' असं पुस्तक आलं की डोकं धरायचं. भूकंपात ठेवू, बांधकामात ठेवू का महाराष्ट्रात? रंगनाथनांनी १९३३ मध्ये कोलन पद्धत काढली ती यासाठीच. मूळचे गणिताचे मास्तर, मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले आणि शिकायला लंडनला गेले. तिथे एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहिला: त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, हवी ती वस्तू जोडा. विषयाचंही तसंच, त्याचे सुटे भाग करायचे आणि जोडायचे. कशाविषयी, कोणता पदार्थ, कोणती क्रिया, कुठलं, कधीचं. तुमचा टॅग म्हणजे मेकॅनोची पट्टीच की. फक्त तुमच्याकडे स्क्रू कोणी लावत नाही.

लोकांना टॅग शिकवायचे तर शब्द शिकवू नकोस, प्रश्न शिकव. कशाचं? कुठलं? कधीचं? तीन प्रश्नांना तीन शब्द. बस.

---

कार्यासन_सात

काकूंना साष्टांग. आता सरकारी बाजू ऐका.

तुम्ही ज्याला टॅगिंग म्हणताय ते आम्ही इंग्रजांच्या काळापासून करतोय. कुठलंही सरकारी पत्र उघडा. वर 'विषय', खाली 'संदर्भ'. विषय म्हणजे तुमचा टॅग, संदर्भ म्हणजे तुमची लिंक. 'संदर्भ: १) या कार्यालयाचे समक्रमांकित पत्र' वगैरे. तीन पत्रं मागे गेलात की प्रकरणाची अख्खी कुंडली हाती येते. फक्त क्लिक करण्याऐवजी शिपायाला रेकॉर्ड रूममध्ये पाठवावं लागतं.

फजिती कुठे होते तेही सांगतो. नवीन क्लार्क आला, हुशार पोरगा. त्याला म्हटलं आवक रजिस्टरचं एक्सेल कर, प्रत्येक पत्राच्या विषयातला महत्त्वाचा शब्द वेगळ्या रकान्यात घे. त्याने विषयाचा शेवटचा शब्द घेतला. चारशे पत्रं, चारशे वेळा 'बाबत'.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. आमच्याकडे सहा गठ्ठे पद्धत असते. टेबलावरचं दप्तर सहा गठ्ठ्यांत: प्रलंबित प्रकरणं, उत्तराच्या प्रतीक्षेत असलेली, नियतकालिकं, स्थायी आदेश, रेकॉर्ड रूमला जायची आणि नष्ट करायची. यात विषय कुठे आहे? नाहीच. कागद कशाबद्दल आहे हे गठ्ठा सांगत नाही, कागदाचं पुढे काय करायचंय ते सांगतो. तसंच रेकॉर्डचे वर्ग. 'अ' कायम ठेवायचं, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा, 'क-१' पाच, 'ड' एक वर्ष. विषय कळायला कागद वाचला की झालं. तो किती दिवस जिवंत आहे हे कागदावर कुठे लिहिलेलं असतं?

तुमच्या त्या पीसीवरच्या चालीरीतीत ही गोष्ट कुठे आहे का, ते बघा.

---

खारुताई_कोथरूड

चारशे वेळा 'बाबत' 😂😂 चहा सांडला.

---

झिरो_इनबॉक्स

मला कळत नाही, आज हा धागा का चाललाय. टॅग, कार्ड, गठ्ठे ही सगळी सर्च चांगला नव्हता तेव्हाची दुखणी. आता सगळ्या पीडीएफ एका फोल्डरमध्ये ओता आणि एआयला मराठीत विचारा. डिलिशस मेलं, तसल्याच कनोटिया आणि साइटयूलाइक या साइटी गेल्या, २०२५ च्या जुलैत मोझिलाने पॉकेटही बंद केलं. लोकांनी मतदान केलंय. माणसांकडून हमाली कशाला करून घेता?

---

हडसनकाठ

डिलिशस मेलं नाही, मारलं. याहूने २००५ च्या डिसेंबरात घेतलं, पुढची पाच वर्षं त्याकडे पाहिलं नाही, २०१० मध्ये 'बंद करायच्या' यादीत त्याचं नाव फुटलं आणि लोक रातोरात पिनबोर्ड या दुसऱ्या बुकमार्क साइटवर पळाले. मग ते दोन-तीन हातांतून फिरत २०१७ मध्ये त्याच पिनबोर्डच्या मालकाने पस्तीस हजार डॉलरला विकत घेतलं आणि गोठवून टाकलं. यात टॅगचा काय दोष?

आणि माझ्या लिंका अजून माझ्याकडे आहेत. तेव्हा एचटीएमएल फाइल उतरवून घेतली होती. तिच्या पहिल्या ओळीत आजही नेटस्केपचं नाव असतं! नेटस्केप जाऊन जमाना झाला, पण आजचा कुठलाही ब्राउझर ती फाइल मुकाट गिळतो. ओळंबा, तुम्ही काहीही वापरा, महिन्यातून एकदा ती फाइल उतरवून ठेवत जा.

---

ओळंबा

@झिरो_इनबॉक्स, केलं होतं की तेही. फेब्रुवारीत. ऐका.

फोल्डरमध्ये सगळ्या पीडीएफ ओतल्या. त्यात महापालिकेची आणि खात्यांची जी परिपत्रकं होती, त्यातली निम्मी स्कॅन केलेली, तीही तिरकी, वर शिक्का. उरलेल्यांतली जुनी श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमधली. डोळ्यांना मराठी दिसतं, पण कॉपी केलं की अक्षरांचा भुगा. सर्च त्या भुग्यात शोधणार! म्हणजे 'पार्किंग' टाकल्यावर पार्किंगचं मुख्य परिपत्रक सोडून सगळं आलं.

हे एक वेळ ओसीआरने (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने) सुधारेल. पण दुसरं झालं त्याने घाम फुटला. एका ट्रेनीने विचारलं, अमुक सिस्टीमला रिस्पॉन्स रिडक्शन फॅक्टर (भूकंपाचा भार हिशोबात किती कमी धरायचा तो आकडा) किती घ्यायचा. यंत्राने झकास उत्तर दिलं, टेबल नंबरासकट. उत्तर १८९३ च्या २००२ च्या प्रतीतून. फोल्डरमध्ये २०१६ चीही होती, पण शेजारी २००२ चीही होती, कारण जुन्या बिल्डिंगचं ऑडिट करताना ती लागते. ८७५ च्या तिसऱ्या, वाऱ्याच्या भाराच्या भागाचंही तसंच, १९८७ आणि २०१५ दोन्ही पडलेले.

२००२ च्या पीडीएफमध्ये 'मी आता रद्द आहे' असं कुठेच लिहिलेलं नाही, आणि कसं लिहिलेलं असेल? छापली तेव्हा ती चालूच होती. म्हणजे शोधणारा कितीही हुशार असला तरी कागदात नसलेली गोष्ट कागदातून काढणार कुठून?

आणि @कार्यासन_सात, तुमचा प्रतिसाद वाचला तेव्हा मी बसमध्ये होते, स्टॉप चुकला. माझ्या लोकांनी लावलेले दहाही शब्द कागदावर आधीच लिहिलेले होते. भूकंप, १८९३, कोड, हे तर मुखपृष्ठावरच आहे. ते परत लिहायचा त्यांना कंटाळा आला, यात त्यांची काय चूक? जे पानावर नाही आणि फक्त आमच्या ऑफिसला माहीत आहे, तेवढंच लिहायचं. चालू का रद्द. कुठल्या साइटला वापरलं. महापालिकेने मान्य केलं का परत पाठवलं.

झिरो_इनबॉक्स, तुमचं यंत्र ठेवते मी, खोटं नाही. पण त्याच्या हातात ही चिठ्ठी देऊन मग.

---

झिरो_इनबॉक्स

रद्द कोडचा मुद्दा मान्य. बाकी हमालीवर मी ठाम.

---

अक्षरजुळणी

एक तांत्रिक काडी टाकतो. देवनागरीत टॅग लावणार असाल तर सांभाळून. तुम्ही स्ट्रक्चरलवाले 'वाऱ्याचा-भार' लिहिणारच. आता ते 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतं. एका कळफलकावर नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मग न दिसणारा एक जोडणारा वर्ण, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. तुमच्या यादीत 'वाऱ्याचा-भार' हा टॅग दोनदा दिसेल आणि तुम्ही डोळे चोळत बसाल.

शिवाय 'संबंध' आणि 'सम्बन्ध', आणि 'परवानगी' हा शब्द वेगळी वेलांटी देऊन लिहिणारे महाभाग. टॅग छोटे ठेवा, विभक्ती लावू नका. 'वारा' पुरे.

---

ओळंबा

अरे देवा. आत्ता बघितलं. खरंच दोनदा आहे. मला वाटलं होतं सॉफ्टवेअरचा बग.

---

मधला_डबा

हे सगळं ठीक, पण एक प्रश्न. मी काय साठवतो ते सगळ्या ऑफिसने का बघावं? आमच्याकडे कोणे एके काळी असंच सामुदायिक बुकमार्किंग आणलं होतं. शेअरची टिक आधीपासूनच पडलेली असायची, नको असेल तर काढायची. आमच्या टीममधला एक शांत मुलगा, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. एका शुक्रवारी सगळ्यांच्या पहिल्या पानावर 'नुकत्याच लावलेल्या खुणा' मध्ये ओळीने आलं: कॅनडा-पीआर, कॅनडा-पीआर, आयईएल्टीएस, टोरंटो-भाडं, कॅनडा-पीआर. सोमवारी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून विचारलं, 'काय रे, थंडी सोसेल का?' अप्रेझल तोंडावर होतं. त्यानंतर त्या प्रणालीत कोणी काही साठवलं नाही. आम्ही परत व्हॉट्सॲपवर.

---

खारुताई_कोथरूड

गेला का मग कॅनडाला?

---

मधला_डबा

नाही ना! तेच तर. बाणेरला फ्लॅट घेतला.

---

हडसनकाठ

ही टिक फार मोलाची आहे, हसण्यावारी नेऊ नका. आपोआप खाजगी ठेवलं तर कोणी शेअर करायचे कष्ट घेत नाही आणि सामुदायिक काही उरतच नाही. आपोआप जाहीर ठेवलं तर एक कॅनडा पुरतो. माझ्या मते खाजगीच ठेवावं. कमी जमेल, पण भरवसा टिकेल.

---

निवृत्त_ग्रंथपाल

ग्रंथालयात कोणी कोणतं पुस्तक नेलं हे आम्ही दुसऱ्या वाचकाला कधी सांगत नसू. मुलाचे वडील काउंटरवर येऊन विचारायचे, तरी नाही. हडसनकाठ यांच्याशी सहमत.

---

ओळंबा (सहा आठवड्यांनंतर)

धागा वर आणतेय. बऱ्याच जणांनी विपूत (विचारपुशीत) विचारलं की पुढे काय झालं, म्हणून.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. बत्तीसांपैकी नियमाने खुणा करणारे सात-आठ. बाकीचे नुसते शोधायला येतात. आधी याचा मला राग यायचा, आता येत नाही. ग्रंथालयात तरी सगळे वाचक कुठे कार्डं लिहितात?

शेअरची टिक आधीपासून काढून ठेवली. जुन्या टॅगांची छाटणी मी एका शनिवारी दुपारी केली. काकूंच्या सांगण्यावरून एक 'पहा' यादी केलीय: सिस्मिक, सेस्मिक, ईक्यू, सगळे 'भूकंप'कडे. दर शनिवारी अर्धा तास नवे शब्द बघून यादीत भर घालते. 'हादरा'ही यादीत आहे, काढला नाही. तीन प्रश्नांपैकी 'कशाचं' सोडून दिलं, ते शीर्षकातच असतं. 'कुठलं' आणि 'कधीचं' ठेवलं. त्यात कार्यासन साहेबांचा गठ्ठा मिसळला: चालू, रद्द, मान्य-झालं, परत-आलं. चारातला एक लावल्याशिवाय खूण शेअर करायची नाही, एवढा एकच नियम. आणि लिंकेच्या खालच्या टिपेत परिपत्रकाचा नंबर-तारीख हाताने लिहायची, शासन निर्णय असेल तर त्याचा तो लांबलचक संगणक सांकेतांक. कारण सरकारी साइट नवी झाली की लिंक मरते, पण सांकेतांक टाकला की जीआर पुन्हा सापडतो. हे आम्ही शिकलो ते एका महिन्यात अकरा लिंका मेल्यावर.

आता खरी गंमत. आमच्या ऑफिसात एक सर आहेत, साठी उलटलेले, मार्चमध्ये निवृत्त होताहेत. कोणता कागद कुठे अडतो ते सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांनी आजतागायत लॉगिन केलेलं नाही. 'मला नका सांगू तुमचं टॅग-बिग,' एवढंच म्हणतात. मग मीच ट्रेनी मुलीला सांगितलं, रोज चार वाजता चहा घेऊन सरांच्या टेबलाशी बस, त्या दिवशीच्या नव्या खुणा त्यांना वाचून दाखव, ते जे बोलतील ते टॅगमध्ये लिही. शब्दही त्यांचेच, बदलायचे नाहीत.

पहिल्या दिवशी तिने एका वॉटरप्रूफिंग कंपनीच्या माहितीपत्रकाची लिंक दाखवली. सरांनी चष्मा वर केला, बशीत चहा ओतला आणि म्हणाले, 'हे म्हणजे चिंचवडची गच्ची.' तिने इमानेइतबारे टॅग लिहिला: चिंचवडची-गच्ची.

त्या एका गच्चीला आमच्या ऑफिसात इतिहास आहे. अशाच केमिकलच्या भरवशावर स्लॅबचा उतार नीट दिला नव्हता, पाणी साठलं, दोन पावसाळ्यांत खालच्या मजल्यावर बादल्या लागल्या, आणि पुढे वर्षभर आम्ही हेलपाटे घातले. जुन्या माणसांना 'चिंचवडची गच्ची' एवढं म्हटलं की सगळं कळतं. नव्यांना ठाऊकच नव्हतं.

आज त्या टॅगखाली नऊ लिंका आहेत. वॉटरप्रूफिंगच्या चार, बाकीच्या पाच भलत्याच: एक कपलरचा कॅटलॉग, एक सॉफ्टवेअरची जाहिरात, असं काहीबाही. म्हणजे पोरं तो शब्द 'वर चकचकीत, खाली गळकं' या अर्थाने वापरायला लागलीत. ऑफिसातला सगळ्यात जास्त उघडला जाणारा टॅग तोच आहे, आणि बाहेरच्या माणसाला त्याचा अर्थ शंभर वर्षांत लागायचा नाही.

काकू, तुम्ही असता तर हा शब्द यादीत ठेवला असतात का?

---

कार्यासन_सात

आमच्याकडे अशा कागदांवर 'चर्चा करावी' लिहितात. अर्थ तोच.

---

निवृत्त_ग्रंथपाल

ठेवला असता. दोन कार्डं कर. पहिलं: 'वॉटरप्रूफिंग. हेही पहा: चिंचवडची गच्ची.' दुसरं उलट. आणि दुसऱ्या कार्डाच्या मागे ती बादल्यांची गोष्ट चार ओळींत लिहून ठेव, सर मार्चमध्ये जायच्या आत.